डबा रिकामा द्यायचा नाही

समोरच्या फ्लॅटमध्ये जपानी बाई राहायला आली त्या आठवड्यात तिनं मजल्यावरच्या प्रत्येक दारावर जाऊन, नवीन शेजारीण म्हणून, कागदात गुंडाळलेला एकेक पातळ टॉवेल भेट दिला. कोपऱ्यावरच्या घरातल्यांना वाटलं, काहीतरी विकायला आलीय. त्यांनी दारातूनच हात हलवून तिला वाटेला लावलं. उत्पलानं टॉवेल घेतला, आणि दार लावल्यावर बराच वेळ तो हातात धरून तशीच उभी राहिली. आई गेल्यापासून तिच्या दारावर कुरियरवाला आणि कामाला येणारी गोजाबाई सोडली तर कुणी आलं नव्हतं.

उत्पला चाकणच्या एका फाउंड्रीत, प्रयोगशाळेत काम करायची. भट्टीतल्या लोखंडाचा नमुना तिच्याकडे यायचा आणि त्यात कार्बन किती, सिलिकॉन किती, गंधक किती हे ती सांगायची. काम असं, की बरोबर असलं तर कुणाच्या लक्षातही येऊ नये. वय सेहेचाळीस. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारणारी माणसंही आता विचारून थकली होती. वडील कारखान्यात कामगार होते. त्यांच्यामागे पिंपळे गुरवचं जुनं घर भाऊ प्रितमकडे ठेवून ती आईला घेऊन चऱ्होलीच्या या सोसायटीत आली. गेल्या पावसाळ्यात आई गेली. प्रितम रविवारी फोन करायचा, "जेवलीस का?" विचारायचा. "जेवले" म्हटलं की दोघांचंही बोलणं संपायचं.

टॉवेलची परतफेड म्हणून नव्हे, पण शेजारीण नवीन आहे, परक्या मुलखातली आहे म्हणून उत्पलानं एका सकाळी सुकटीची चटणी आणि दोन ज्वारीच्या भाकरी नेऊन दिल्या. दिल्या त्या आईच्या डब्यात. स्टीलचा गोल डबा, झाकणावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव: सोजरबाई. चौथ्या-पाचव्या दिवशी डबा परत आला तेव्हा तो रिकामा नव्हता. आत पांढऱ्याशुभ्र वड्या होत्या, वाफेवर उकडलेल्या, ढोकळ्यासारख्या जाळीदार, पण आंबट नाहीत; किंचित गोड आणि मातकट वासाच्या.

शेजारणीचं नाव फुमिको. नवरा चाकणला कंपनीत, सकाळी सहाला जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. फुमिकोला इंग्रजी जेमतेम. ती स्वतःच्या भाषेत फोनशी बोलायची आणि मग फोनमधली बाई मराठीत सांगायची: "ही आमच्या प्रदेशातील मिठाई आहे. ही डोंगरातील कंदापासून बनवली जाते."

"कुठला प्रदेश?" उत्पलानं फोनला विचारलं.

फुमिकोनं नकाशा दाखवला. जपानच्या पार दक्षिणेचं टोक. कागोशिमा. शहरासमोर खाडी, आणि खाडीत धुमसणारा एक डोंगर.

आता डबा रिकामा कसा द्यायचा? सोजरबाईनं लहानपणापासून दोन्ही लेकरांना शिकवलं होतं, कुणाचं भांडं रिकामं माघारी द्यायचं नाही, निदान मूठभर साखर तरी घालायची. हा डबा खरं तर उत्पलाचाच, पण आलेल्या वड्यांमागून काही न पाठवता गप्प बसणं तिला जमलं नाही. तिनं मासवड्या केल्या. फुमिकोनं वडी काट्यानं उलटीपालटी करून आत मासा शोधला. नाव माशाचं, मासा कुठेच नाही, हे फोनमधल्या बाईनं समजावल्यावर ती तोंडावर हात ठेवून हसली. उत्तरादाखल तिनं पाठवले ते पिंपरी मार्केटमधून मासा आणून, कुटून, तळलेले गोडसर तुकडे. दिसायला आपली भजी. मासा पुरेपूर, माशाचा आकार मात्र नाही. या खेपेला उत्पला हसली, ओट्याशी एकटीच उभी राहून.

असा डबा जाऊ-येऊ लागला. आणि डब्याबरोबर तो मुलूख उत्पलाच्या घरात येऊ लागला. मोठाल्या मुळ्याची खारवलेली चकती आली तेव्हा कळलं, की डोंगराच्या राखाडी मातीत तिथे घागरीएवढा मुळा होतो, आणि त्याच मातीत लिंबाएवढं संत्रं. भाजलेलं रताळं आलं तेव्हा कळलं, की भात न पिकणाऱ्या त्या जमिनीनं माणसं रताळ्यावर जगवली. उत्पला वाचत गेली. डोंगर पूर्वी बेट होता. शंभरएक वर्षांपूर्वी इतका लाव्हा ओकला, की एका बाजूनं जमिनीला जाऊन चिकटला. आजही राख पडते. तिथले लोक हवामानाच्या बातम्यांत पाऊस बघतात तसा डोंगरावरचा वारा बघतात, म्हणजे राख आज कुणाच्या वाळवणावर पडणार ते कळतं. पालिका राख भरून ठेवायला पिवळ्या पिशव्या देते. समुद्रकाठी गरम वाळूत माणसं गळ्यापर्यंत स्वतःला पुरून घेतात आणि घाम निघाला की उठून घरी जातात.

डोंगरासमोर कायमचा लावलेला एक कॅमेरा तिला इंटरनेटवर सापडला. मग रोज कंपनीच्या बसला निघण्याआधी ती तो लावू लागली. इथे चहा उकळायचा, तिथे दिवस वर आलेला असायचा आणि धुराचा पट्टा कधी डावीकडे, कधी उजवीकडे वळलेला. आज राख शहरावर, आज खाडीत. फुमिको लिफ्टमध्ये भेटली की उत्पला हातानं वारा दाखवायची. फुमिको मान हलवायची. दोघींचं तेवढंच बोलणं, पण ते संपत नसे.

तिनं पासपोर्टचीही चौकशी केली. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं कुणी नव्हतंच. पण फुमिको सुट्टीवर घरी गेली तर आपणही जाऊ, ती आपल्याला खाडी ओलांडून डोंगरावर नेईल, असं एक चित्र तिनं मनात तयार केलं होतं आणि ते ती दिवसातून बरेचदा काढून बघायची. आपली वाट बघणारं या जगात कुणीतरी आहे, एवढाच त्या चित्राचा अर्थ होता.

वैशाखात उत्पलानं पुरणपोळ्या दिल्या. या वेळी डबा लवकर आला नाही. आला तेव्हा आत बांबूच्या सालीत बांधलेला भाताचा एकच गोळा होता. साल सोडली तर भात पांढरा नाही; मधासारखा तपकिरी, शिजून एकजीव झालेला. सोबत सोयाबीनच्या पिठाची चिमूटभर पुडी. फोनमधली बाई म्हणाली, "हा तांदूळ राखेच्या पाण्यात शिजवला आहे."

राखेचं पाणी म्हणजे अल्कली. त्यानं तांदळाचा रंग फिरला आणि स्टार्च सुटला, हे उत्पलाला लगेच कळलं. तिला आठवली ती आईच्या हातातली राख, नारळाच्या शेंडीनं भांडी घासतानाची. आईनं घासलेल्या डब्यात आज राखेत शिजलेला भात आला होता. तिनं तो थोडा थोडा करून दोन दिवस पुरवला. आणि तो संपताच वालाची उसळ करायची म्हणून वाल भिजत घातले.

दुसऱ्या दिवशी गोजाबाई फरशी पुसता पुसता थांबली. गोजाबाई चऱ्होलीचीच, जुन्या गावठाणातली. दोन्ही घरी काम करायची.

"ताई, बोलू का? राग मानू नगा."

"बोला की, गोजाबाई."

"त्या बाईला आता डबा दिऊ नगा."

उत्पलाचा हात वालाच्या पातेल्यात तसाच राहिला. "का? काय म्हणाली ती?"

"मला काय म्हनतीय? तिला म्हनायचं येतंच कुठं. माझ्याकडं राख मागितली, चुलीतली. म्या म्हनलं, एवडी गोरीपान बाई, राखंनं भांडी घासती का काय. पाटी भरून दिली. तर तिनं भात शिजिवला." गोजाबाई फडकं पिळून खाली बसली. "तुमचा पोळ्यांचा डबा लई दिस तिच्या वट्याव पडून व्हता. ती कपाट उघडायची, बगायची, लावायची. मग येक दिस डोळं पुसत व्हती. म्या इचारलं. त्या फोनमदल्या बाईनं सांगितलं. ती बाई लई शुद्ध बोलती, मला निम्मं कळत न्हाई. पन येवडं कळलं, की देशावनं आनलेलं समदं तुमच्या डब्यात गेलं. तो भात ती दर सालाला पोराच्या सनाला करती. पोरगं तिकडं हाय. तांदूळ येवढाच ऱ्हायला व्हता. येकच गोळा झाला."

"मग मला कशाला दिला?"

"मीबी त्येच म्हनलं. न्हाई तर नगा दिऊ, धुऊन द्या डबा. तर फोनमदली बाई म्हनती, भांडं रिकामं द्यायचं न्हाई, असं तिची गेलेली आई सांगायची." गोजाबाई उठली. "तुमच्याबी आईनं सांगितलेलं, तिच्याबी आईनं. दोगी म्हाताऱ्या वर बसून गंमत बगत आस्त्याल."

गोजाबाई गेल्यावर उत्पला ओट्याशी उभी राहिली. लाज वाटली, पण लाजेपेक्षा वेगळं काहीतरी जास्त टोचत होतं. वड्या, मुळा, रताळं, राखेतला भात: ज्याला ती आपल्याकडे येणारी माया समजत होती ती सगळी फेड होती. प्रत्येक वेळी तिनं डबा भरून दिला आणि समोरच्या बाईच्या डोक्यावर ओझं ठेवलं. ती बाई ते मुकाट्यानं उतरवत राहिली, स्वतःचं कपाट रिकामं होईपर्यंत.

प्रयोगशाळेत कुठलंही मोजमाप करण्याआधी ब्लँक घेतात. नमुना न घालता, नुसत्या स्वच्छ भांड्याचं वाचन. भांड्याचं आणि पाण्याचं स्वतःचं किती आहे ते आधी कळावं लागतं, नाहीतर तेवढंही माणूस नमुन्याचंच समजून बसतो. गेली वीस वर्षं नव्या मुलामुलींना ती हे शिकवत आली होती. इथे मात्र डबा रिकामा देऊन काय उरतं ते तिनं एकदाही पाहिलं नव्हतं.

तिनं डबा धुतला. आतून कोरडा पुसला. साखरेची बरणी खाली काढली, झाकण उघडलं, आणि परत लावलं.

फुमिकोनं दार उघडलं. उत्पलानं डबा दोन्ही हातांनी पुढे केला. तो हलका आहे हे हातात घेताच तिला कळलं असणार. तिनं झाकण उघडून आत पाहिलं. उत्पलाला सांगायचं होतं, की आता हा तुमच्याकडेच ठेवा, त्यात काही घालू नका, मीही मागणार नाही. पण ते फोनमधल्या बाईच्या तोंडून कसं वाजेल कोण जाणे. ती नुसतीच म्हणाली, "राहू दे. तुम्हाला."

फुमिको खूप खाली वाकली. दार बंद झालं.

त्यानंतर काही नाही. लिफ्टमध्ये गाठ पडली ती एकदाच, आणि तेव्हा मध्ये वॉचमन उद्धवराव पाण्याचा जार घेऊन उभे. "काय मॅडम, आता तुमचा डबा बंद झाला वाटतं?" ते म्हणाले, "आमी पैज लावली होती, कोण आधी दमतंय."

"मी दमले," उत्पला म्हणाली.

फुमिकोला यातलं काही कळलं नाही. ती खाली बघत राहिली. म्हणजे वाचन आलं, असं उत्पलाला वाटलं. शून्य. वाल तिनं स्वतःपुरते केले, ते तीन वेळा पुरले. सकाळी कॅमेरा लावायची सवय मात्र जाईना. डोंगर धूर सोडत होता. राख आज कुणावर पडणार हे तिला कळत होतं आणि ते सांगायला कुणी नव्हतं. पासपोर्टच्या अर्जाचं पान तिनं बंद करून टाकलं.

रविवारी प्रितमचा फोन येऊन गेला. जेवली नव्हती, तरी ती "जेवले" म्हणाली. फोन ठेवला आणि बेल वाजली.

दारात फुमिको होती. हातात काही नव्हतं. डबा नव्हता, फोनसुद्धा नव्हता. तिनं दोन्ही तळवे किंचित पुढे करून दाखवले, जसे काही तेच दाखवायला आली होती. तिचे कान लाल झाले होते. तिच्या घरात लहानपणापासून जे शिकवलं त्याच्या बाहेर पाऊल टाकून ती उंबऱ्यापर्यंत आली होती, हे उत्पलाखेरीज त्या मजल्यावर कुणाला कळलं नसतं.

"ताई," फुमिको म्हणाली, आणि पाठ केलेलं सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "च्या. पिऊ. व्हय?"

शब्द जपानी तोंडातून आले, वळण पार चऱ्होली गावठाणातलं. गोजाबाईनं किती दिवस घोकून घेतलं असेल कोण जाणे.

"या," उत्पला म्हणाली. "बसा."

चहा झाला. सोबत काही द्यावं म्हणून तिचा हात बिस्किटांच्या डब्याकडे गेला, आणि तिनं तो मागे घेतला. नुसते दोन कप. बोलायला फोन नव्हता, म्हणून तिनं लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि कॅमेरा लावला.

आज डोंगर दिसत नव्हता. ढग खाडीपर्यंत उतरले होते. सगळा पडदा राखाडी, खाली शहराची एक पुसट कड. फुमिकोनं त्या राखाडीत एका ठिकाणी बोट ठेवलं. इथे. तिचं घर, किंवा मुलाचं, किंवा डोंगराचा माथा. कळायला मार्ग नव्हता. बोट तिथेच राहिलं.

उत्पलानं लॅपटॉप बंद केला नाही. खुर्ची थोडी सरकवली, म्हणजे दोघींना नीट दिसेल. ढग हलतात का ते बघत दोघी बसून राहिल्या. चहा संपला. डोंगर काही उघडला नाही, आणि फुमिकोही उठली नाही.