पहिली धार

“नरसाळं कुठं ठेवलंस गं?” मिलिसावने तिसऱ्यांदा विचारलं.

“तुझ्याच हातात आहे की!” विदा म्हणाली.

तो हसला. “बघत होतो, बायकोचं लक्ष आहे का.”

पूर्वी अशा बोलण्यावर अख्खी भट्टी हसायची. चाळीस वर्षं गावाच्या आलुबुखारांची दारू त्याच्याच तांब्याच्या हंड्यातून उतरली. धार कधी तोडायची, हे तो नुसत्या वासावर सांगायचा. पहिली धार विषारी, ती पोटात घालायची नाही, बाजूला काढून दुखऱ्या गुडघ्यांना चोळायची, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. मधली धार पाहुण्यांची. त्या मधल्या धारेनेच मिलिसावचं यकृत खाल्लं.

गेले अकरा महिने त्याने थेंब घेतला नव्हता. तरी शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी विदाला बजावलं होतं, “यकृत रक्त गाळेनासं झालं, की घाण डोक्यात चढते. हे गोड औषध चुकवू नका. पोट साफ राहिलं नाही, तर यांना भ्रम होईल, हात फडफडू लागतील.”

“सकाळचं औषध घेतलंस?”

“दोन दिवस घेतलं नाही. सारखं परसाकडे पळवतं ते. भट्टी तुझा बाप बघणार?”

आज राडेंकोची भट्टी होती, त्याच्या आलुबुखारांची पाळी. रविवारी त्याच्या लेकीचं लग्न, दोनशे माणूस जेवायला.

विदा घरातून औषध आणि धुतलेला चमचा घेऊन आली, तेवढ्यात ते झालं. पहिल्या धारेची बरणी उचलून मिलिसाव ती नरसाळ्यातून लग्नासाठी काढलेल्या मधल्या धारेच्या मोठ्या बाटलीत ओतत होता. शांतपणे, शेवटचा थेंब झटकून.

“अरे, काय केलंस हे!”

“काय केलं?”

“बरणी ओतलीस ना त्यात!”

“कुठली बरणी?” रिकामी बरणी काखेत धरून त्याने विचारलं. नजर स्वच्छ होती. त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं.

फाटकातून राडेंकोचा आवाज आला. “मिलिसावदादा! पाहुण्यांना नाचवणार ना तुझी दारू?”

“नाचवेल कसली, उडवेल!” मिलिसाव म्हणाला.

विदा दोघांच्या मध्ये उभी राहिली. खरं सांगावं, तर चाळीस वर्षांचं नाव एका वाक्यात जाणार. गप्प बसावं, तर रविवारी नवरीच्या मांडवात काय होईल, देव जाणे. तिने बाटली दोन्ही हातांनी कलती केली. दारू भळाभळा उतारावरून गवतात गेली.

“वहिनी! वेड लागलं का?”

“माझ्या हातून पहिली धार मिसळली, भाऊजी. चूक माझी. आमच्या घरची जुनी आहे, ती लग्नाला न्या.”

राडेंको तिच्याकडे बघत राहिला, मग मिलिसावच्या काखेतल्या बरणीकडे.

मिलिसावने बरणी नाकाशी नेली. बराच वेळ हुंगली. ती धरलेला हात मनगटापासून पंखासारखा फडफडत होता.

“तिने नाही रे,” तो हळूच म्हणाला. “मीच ओतली असणार. ती कधी बरणीला हात लावत नाही.”

मग तो वाकला आणि हंड्याखालची लाकडं एकेक ओढून पाण्यात विझवू लागला. राडेंको मदतीला पुढे झाला, तर त्याने हातानेच थांबवलं. चौथं लाकूड विझलं. धुरात डोळे बारीक करून त्याने विदाकडे पाहिलं.

“आज भट्टी कुणाची गं?”

“कुणाची नाही,” विदा म्हणाली, आणि तिने औषधाचा चमचा त्याच्या ओठांशी धरला.