दीड वर्षाचा अनुभव

सकाळचं ऊन चष्म्यांच्या त्या दुकानात घाईने कधीच शिरत नसे. आधी ते शटरखालच्या फटीतून येऊन फरशीवर रेघेसारखं पडून राही. शटर वर गेलं की पायपुसण्यावरून, स्टुलाच्या पायांवरून रेंगाळत काउंटरच्या काचेपर्यंत पोचे. तिथे मांडलेल्या फ्रेम्समधून ते आरपार जाई आणि मागच्या भिंतीवर कुणाचेच नसलेले फिकट डोळे उमटत. तो रोज ते पाहत बसे. पाहत बसणं त्याला जमत असे.

आज त्याच उजेडात तो फोनसमोर ताठ बसला होता. बिझनेस स्कूलची मुलाखत अशीच व्हायची: पडद्यावर प्रश्न येणार, त्याने बोलायचं आणि बोललेलं थेट तिकडे जाणार. दुरुस्तीला वाव नाही. उमेदवाराला निदान दोन वर्षांचा अनुभव असावा, अशी त्यांची अपेक्षा होती. त्याच्यापाशी मामांच्या या दुकानातला दीड वर्षाचा होता. उरलेली उणीव उत्तरांनी भरून काढायची होती.

"साहेब, कॉलर नीट करा," फोन धरून उभी असलेली मामेबहीण म्हणाली. "आणि कुणी नंबर वाढल्याचं सांगितल्यासारखं तोंड करू नकोस."

"ताई, हसवू नकोस गं. मामा येतील एवढ्यात."

"बाबा बँकेत गेलेत. इतक्यात कसले येतात! बोल बिनधास्त."

प्रश्न उमटला: कोणती जबाबदारी तुम्ही एकट्याने पेलता?

हे उत्तर त्याने आरशापुढे घोटून ठेवलं होतं. "काउंटर पूर्णपणे माझ्याकडे आहे," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका, पण भारदस्त वाटला. "ग्राहकाची अडचण समजून घेऊन जागच्या जागी निर्णय घेणं..."

दारात एक आजोबा उभे राहिले, चष्मा हातात.

"अहो, ही काडी लुळी पडलीय. बघता का जरा?"

त्याने मान वळवली आणि सवयीने आतल्या खोलीकडे हाक मारली, "मामा!"

आतून कुणी ओ दिली नाही.

ताईने एका हाताने फोन तसाच धरून ठेवला; दुसऱ्याने खणातला बारीक स्क्रूड्रायव्हर काढून त्याच्यापुढे केला. त्याने तो घेतला. चष्मा उलटसुलट करून पाहिला. स्क्रू नेमका कुठे असतो, ते त्याला सापडेना. फोन किणकिणला. उत्तर गेलं होतं.

मग तिनेच काडी घट्ट केली. आजोबांनी चष्मा चढवला, रस्त्याकडे पाहून खात्री करून घेतली आणि गेले.

"पुढच्या वर्षी पुन्हा भर अर्ज," ती हळूच म्हणाली. "तोवर अनुभवही वाढेल की."

ऊन काउंटरवरून खाली उतरलं होतं. भिंत नुसती भिंत झाली होती. सहा महिने कमी पडतात, असं तो आजवर सगळ्यांना सांगत आला होता. दीड वर्ष तो रोज दुकानात येत होता. कामाला अजून लागलाच नव्हता.