‘पाठवला’

आमच्या रक्ततपासणीच्या लॅबच्या वेबसाइटवर डॉक्टरांना रिपोर्ट पाठवायचं बटण दाबलं की लगेच हिरवी खूण येते आणि शेजारी शब्द उमटतो, ‘पाठवला’. धादांत खोटं आहे ते. रिपोर्ट तेव्हा नुसता कामांच्या रांगेत उभा केलेला असतो. मागे ‘वर्कर’ नावाचा प्रोग्रॅम एकेक काम उचलून उरकत जातो. रांगेत वावगं काही नाही, माणूस पडद्यापुढे ताटकळू नये म्हणूनच ती असते. मी शब्दही सरळ लिहिला होता, ‘रांगेत आहे’. साहेबांनी तो काढायला लावला. रांग म्हटलं की गिऱ्हाइकाच्या कपाळाला आठ्या पडतात म्हणे. आम्ही त्यांना पाठीमागे गोडबोल्या म्हणतो.

मग त्यांना सवलतीचं खूळ लागलं. जुन्या-नव्या झाडून सगळ्या गिऱ्हाइकांना संदेश जायला हवा होता. याला वेगळी रांग लागेल, असं मी बजावलं. वर्कर एरवी माश्याच मारत असतो, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला आणि संदेशांची अख्खी फौज त्याच रांगेत घुसवली.

त्या दुपारी मावशीचा फोन आला. तिनेच मला लहानाचं मोठं केलं. तिच्या किडन्या अधू आहेत आणि सकाळीच तिने आमच्याकडे रक्त दिलं होतं.

“अरे, तुमची साइट म्हणते पाठवला, डॉक्टर म्हणतात आलाच नाही. मी कुणाचं खरं धरू?” तिचा आवाज जड येत होता. पाय उचलत नाहीत, छातीत धडधडतंय, आणि रिपोर्ट पाहिल्याशिवाय डॉक्टर औषधाला हात लावत नाहीत, असं तिने सांगितलं. मग म्हणाली, “सवलतीचा मेसेज मात्र आला हो तुमचा.”

मी रांग उघडली. सवलत, सवलत, नुसती सवलत, आणि त्या उकिरड्याखाली मावशीचा रिपोर्ट. तपासणाऱ्या बाईंनी त्यावर ‘तातडीचा’ अशी खूण केली होती. आमचा वर्कर ती खूण बघतच नाही, जो आधी आला तो आधी.

कुणाला न विचारता मी सगळे संदेश थांबवले. अडकलेले रिपोर्ट भराभर सुटले. डॉक्टरांनी लगेच फोन करून मावशीला आहे तशी आणायला सांगितलं. रक्तातलं पोटॅशियम भलतंच चढलं होतं. आणखी उशीर झाला असता तर हृदय थांबलं असतं, असं ते नंतर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावून घेतलं. संदेश कुणाच्या परवानगीने थांबवले, इथपासून सुरुवात झाली. मी मावशीचं सांगितलं तेव्हा ते विरघळले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात झटकून टाकावासा वाटला, इतकी किळस आली.

“तुझी वेगळी रांग करूच आपण,” ते म्हणाले. “तातडीची रांग. नाव झकास आहे. त्याचे जादा पैसे लावू. ज्यांना नको, ते थांबतील मागे.”

त्यांच्या तोंडावर थुंकावं असं बरंच काही माझ्या जिभेवर आलं होतं. प्रत्यक्षात मी विचारलं, “घरच्यांना फुकट असेल ना?”

साहेब मनापासून हसले. “अर्थात. तू तर आपलाच माणूस.”