दोन अंगठ्यांचा हातमोजा

“हृश्का आजोबा, त्या ग्लव्हमध्ये खरंच मेलेल्या माणसाचा हात आहे का हो?”

ब्रिन काडलेकनं हे इतक्या मोठ्यानं विचारलं, की दुकानाच्या काचेला बाहेरून नाकं लावून उभ्या असलेल्या तिच्या मैत्रिणी, जोसी आणि हॅडली, एकदम खालीच बसल्या. पैज त्यांनीच तर लावली होती. “विचारलंस तर तुला मानू. नाहीतर अख्खं वर्ष भित्री भागुबाई म्हणून हाक मारू!”

मित्रांनो, तो ग्लव्ह म्हणजे मी. मी एक जुना, चामड्याचा, बेसबॉलचा हातमोजा आहे. सीडर फोर्क गावात हृश्का आजोबांचं केस कापायचं दुकान आहे ना, तिथे आरशावरच्या फळीवर मी पन्नास वर्षं बसून आहे. अंगावर कापलेल्या केसांचा भुगा आणि पावडर. मला चार बोटं आहेत आणि अंगठे दोन! एक या बाजूला, एक त्या बाजूला. हसू नका हं. माझ्यासारखे या जगात फार थोडे जन्मले, आणि माझ्या मालकानं एकदा जे केलं, ते तर त्याहूनही थोड्यांनी.

पण गावातली मुलं मला घाबरतात. म्हणतात, आत हात घातला की आतून कुणीतरी धरतं.

कात्री पुसणारा आजोबांचा हात थांबला. त्यांनी दार उघडून बाहेर डोकं काढलं. “आत या, नाहीतर घरी जा. काचेवर नाकांचे डाग पडतात, आणि पुसायला मलाच लागतात.” जोसी आणि हॅडली अशा पळाल्या, की एकीची टोपी पायरीवरच राहिली.

ब्रिन मात्र खुर्चीत बसून राहिली. ती नुसत्या पैजेसाठी आली नव्हती. दुसऱ्या दिवशी शाळेचा पहिला सामना होता आणि ती मुलांच्या संघात पिचर होती. पिचर म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकणारा. तिच्याआधी ती जागा तिच्या भावाची, गॅरेटची होती. तो दोन वर्षांपूर्वी गाडीच्या अपघातात गेला. त्याचे केसही याच खुर्चीत कापले जायचे. मी वरून पाहायचो.

“किती बारीक करू?” आजोबांनी विचारलं.

“नेहमीसारखे. गॅरेटसारखे. आईला तसे आवडतात.” मग म्हणाली, “उद्या मी त्याचा चौदा नंबर घालणारेय. बाबा रोज संध्याकाळी त्याचे व्हिडिओ लावतात. म्हणतात, हात असा वरून आला पाहिजे, डोक्यावरून. मला बाजूनं टाकायला आवडतं, आजोबा. एकटी असते ना, तेव्हा बाजूनंच टाकते आणि काय सुसाट जातो चेंडू! पण बाबा म्हणतात, गॅरेट तसा टाकायचा नाही.”

आजोबांनी कात्री ठेवून दिली. फळीवर हात लांबवून त्यांनी मला खाली काढलं. किती वर्षांनी! माझी शिवण करकरली.

“तू विचारलंस ना, हात आहे का म्हणून? आहे. ऐक.”

मित्रांनो, ते ब्रिनला जे म्हणाले, ते मला माझ्याच तोंडून सांगू द्या. मी त्यात होतो.

आजोबा तेव्हा नुसते लाद्या होते. थोरला भाऊ एमिल, हा धाकटा. एमिल डावखुरा. त्याचा चेंडू पाहायला शहरातून माणसं यायची आणि टोप्या काढून डोकी खाजवायची. एका हिवाळ्यात नदीवरचा बर्फ पायाखाली फुटला आणि एमिल परत आला नाही. त्यानंतर त्यांची आई बोलेनाशी झाली. भट्टीतले पाव जळायचे, तरी ती खुर्चीवरून उठायची नाही.

लाद्या उजव्या हातानं टाकायचा, बऱ्यापैकी टाकायचा. एक दिवस त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, कोठाराच्या भिंतीवर तो डाव्या हातानं चेंडू मारू लागला. धप्. थांबून धप्. अगदी एमिलच्या तालात. आणि आई दारात येऊन उभी राहिली! एप्रन तसाच, हात पिठानं भरलेले. ती अंधार पडेपर्यंत ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा धप्. पुन्हा आई दारात. मग लाद्यानं डावा हात सोडलाच नाही.

दोन वर्षांत तो दोन्ही हातांनी टाकू लागला. गावात पगारी खेळाडूंचा एक छोटा संघ होता, त्यांनी त्याला घेतलं. पण अडचण झाली. पिचर ज्या हातानं टाकतो तो मोकळा असतो, आम्ही असतो दुसऱ्या हातात. हा गडी उजव्या फलंदाजाला उजव्या आणि डावखुऱ्याला डाव्या हातानं टाकणार, मग ग्लव्ह किती बाळगणार? तो घोड्यांची खोगिरं शिवणाऱ्या ब्लाहाकाकांकडे गेला.

“दोन अंगठे?” ब्लाहाकाका दाभण हातात धरून हसले. “लाद्या, देवानं एका हाताला एक अंगठा दिला तो तुला पुरेना होय? उद्या म्हणशील, टोपीला दोन डोकी बसव!”

पण शिवला त्यांनी मला. कोऱ्या चामड्याचा काय वास होता माझा! लाद्या मला उशाशी घेऊन झोपायचा. मी दोन्ही हातांत चपखल बसायचो. पण एक गोष्ट मी कुणाला कधी सांगितली नाही. तो उजव्या हातानं टाकायचा, तेव्हा माझ्या आत त्याचा डावा हात असायचा, ऊबदार, घामेजलेला, जरा चुळबुळ करणारा. आणि एमिलच्या हातानं टाकायचा, तेव्हा माझ्या आतला उजवा हात गार पडायचा. जुलैच्या उन्हातसुद्धा. निजलेल्या माणसासारखा निपचित पडून राहायचा.

आई प्रत्येक सामन्याला यायची. कुंपणाजवळच्या बाकावर बसायची. लाद्या डाव्या हातानं टाकायला लागला की मान उंच करायची. त्यानं हात बदलला की मान खाली घालून रुमालाची घडी करत बसायची. मला दिसायचं. त्यालाही दिसायचं.

मग तो ऑगस्टचा सामना आला. पहिला डाव झाला, दुसरा झाला, पाचवा झाला, समोरच्या संघाला एकही हिट नाही. फलंदाजांना चेंडू लागतच नव्हता, लागला तर आमचे लोक झेलत होते. नऊ डाव असं टिकलं, तर ती फार दुर्मिळ गोष्ट. आणि दोन्ही हातांनी? आमच्या त्या सगळ्या लीगमध्ये तसं कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं.

आमच्या खेळात एक रीत आहे, मित्रांनो. पिचरचं असं काही चाललं असेल, तर त्याच्याशी कुणी बोलत नाही. बोललं की दृष्ट लागते म्हणे. त्यामुळे डाव संपून लाद्या बाकावर आला की त्याच्या दोन्ही बाजू रिकाम्या व्हायच्या. एरवी त्याच्या पाठीत बुक्के घालणारा त्याचा दोस्तही पाण्याचा डबा दुरून सरकवायचा आणि दुसरीकडे पाहायचा. दुपारभर कुणी त्याचं नावसुद्धा घेतलं नाही. तो मला मांडीवर घेऊन बसायचा. एकदा माझ्यावर वाकून पुटपुटला, “संपलं की सगळे ओरडतील ना? लाद्या, लाद्या म्हणून?”

नववा डाव. दोन बाद, तिसरा गेला की खेळ संपणार. शेवटचा फलंदाज आला, उजवा. त्याला उजव्या हातानं टाकणं शहाणपणाचं होतं. फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचरनं तशी खूणही केली. लाद्यानं मला डाव्या हातात चढवलं, ऊब आली. मग त्यानं कुंपणाकडे पाहिलं.

आईची मान खाली. हातात रुमाल.

त्यानं मला काढलं आणि उजव्या हातात घातलं. गार.

पहिला चेंडू पडण्याआधीच आईनं मान वर केली होती. तीन चेंडू हुकले की फलंदाज बाद, आणि यानं तिन्ही वेळा हवेतच बॅट फिरवली. बाद!

टोप्या उडाल्या, लोक कुंपणावरून उड्या टाकून धावले. पण सगळ्यांच्या आधी आई पोहोचली. त्या माउलीचा चेहरा केवढा उजळला होता म्हणून सांगू! तिनं त्याचा डावा हात दोन्ही हातांत घेतला, ओठांना लावला आणि म्हणाली, “माझा एमिल.”

दुपारभरात त्याच्या कानावर पडलेलं पहिलं नाव ते.

मी त्याच्या हातात होतो. मला त्याची नाडी लागत होती.

“हो, आई,” तो म्हणाला.

मागाहून सगळे ओरडले, “लाद्या! लाद्या!” पण मला वाटतं, त्याला ते कुणा दुसऱ्याला हाका मारल्यासारखं वाटलं. त्यानं मला त्या दिवशी काढलं ते काढलंच. पुन्हा चेंडूला हात लावला नाही. आईनं मरेपर्यंत त्याला एमिलच म्हटलं आणि ती असेपर्यंत त्यानं तिला ओ दिली.

दुकानात गोष्ट संपली, तेव्हा ब्रिनच्या गळ्याभोवतीचं कापड तसंच होतं.

“म्हणजे आतला हात एमिलचा?” तिनं हळूच विचारलं.

“नाही गं. माझाच आहे. मी तो देऊन टाकला होता, परत मागायचं राहून गेलं.” आजोबांनी कात्री उचलली. “बोल. नेहमीसारखे?”

ब्रिननं आरशात पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग गळ्याचं कापड स्वतःच सोडलं. “राहू देत वाढलेले.”

आजोबा हसले. कपाटातून तेलाची बाटली काढून त्यांनी मला चोळलं, बोटाबोटांत, दोन्ही अंगठ्यांना. आणि तिच्या हातात दिलं. “ने. फळीवर कुणी ग्लव्ह होत नाही.”

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं कुणाचं काही असेल, ग्लव्ह, सायकल, नाहीतर एखादं नाव, तर ते पुजत ठेवू नका. तेल लावा, धूळ झाडा, वापरा. पण त्यात हात घालाल तो तुमचाच घाला. आम्ही चामड्याचे आहोत, आम्ही नव्या हातासारखे होऊ शकतो. जिवंत माणसाला जुन्या हाताच्या मापात कोंबू नका. फार गार पडतं हो आत.

त्या संध्याकाळी ब्रिननं मला घातलं आणि गॅरेजच्या भिंतीवर चेंडू मारू लागली. बाजूनं, कमरेच्या उंचीवरून, अंग झोकून. धप्! धप्! धप्! मी वाट पाहत होतो गार पडण्याची. ऊबच वाढत गेली.

मागचं दार उघडलं. तिची आई बाहेर आली, तिच्या मागे हातात रिमोट तसाच धरून बाबा. तो ताल त्यांच्या ओळखीचा नव्हता.

“कोण आहे तिथे?” आईनं विचारलं.

“मी आहे, आई. ब्रिन.”

तिनं चेंडू माझ्या आत घट्ट धरला. मला तिची नाडी लागत होती, पळत होती नुसती.

“उद्या मी चौदा नंबर घालणार नाहीये. आणि बाबा, मी बाजूनं टाकणार आहे. हरलो तरी. मला पण त्याची आठवण येते, रोज येते. पण मी तो नाहीये. तुम्ही दोघं या उद्या. नक्की या. पण मला बघायला या.”