कलकत्त्याच्या मापाची वरात

झुंबरलाल कलकत्त्यात दोन महिने राहून आला आणि तेव्हापासून त्याला जुन्नरचे रस्ते पुरेनासे झाले. इंग्रजांच्या राजधानीहून लोक कापड आणतात, अत्तर आणतात. यानं रस्त्यांची नावं आणली. चितपूर रोड, हॅरिसन रोड, सर्क्युलर रोड. सकाळी सर्क्युलर रोडला लागलेल्या माणसाला वाटेतच जेवायची वेळ होते, असं तो ज्याला त्याला ऐकवी. तिथं त्यानं धंदा काय केला, ते मात्र कधी ऐकवलं नाही.

त्याच्या नथमलचं लग्न धरमचंदच्या सुमतीशी ठरलं, तेव्हा पंचाईत झाली. दोन्ही घरं एकाच आळीत, मध्ये चार दुकानं. वाजंत्र्यांनी गाल फुगवेपर्यंत वरात पोचली असती.

"कलकत्त्यात एवढ्या जागेत नुसता उंबरा असतो," झुंबरलाल म्हणाला. त्यानं ठरवलं, वरात मुलीच्या दारावरून न थांबता पुढं जाईल आणि नदीकडून सगळ्या गावाला वळसा घालून पुन्हा आळीत शिरेल.

मुहूर्त गोरज होता, मोसमातला शेवटचा. हुकला तर चातुर्मास सरेपर्यंत सुमती बापाच्याच घरी. तिची आई चंदाबाई हिनं निरोप धाडला, "व्याहीबुवा, सूर्य तुमच्या वरातीसाठी थांबायचा नाही."

"वरात कोणाची आहे ते सूर्याला ठाऊक आहे," झुंबरलालनं उलट कळवलं.

वरात लांब दिसावी म्हणून त्यानं ओझर, अवसरीकडच्या पाहुण्यांच्या गाड्या मागं लावल्या. त्याही कमी वाटल्या, तेव्हा रिकाम्या गाड्यांवर सतरंज्या टाकून त्याही लावल्या. वाजंत्री गावाला वळसा घालून आळीत परत आले आणि थबकले. शेवटची गाडी अजून झुंबरलालच्या दारातच उभी होती. ती पुढच्या गाडीसाठी थांबलेली, ती तिच्या पुढच्या गाडीसाठी, आणि अशा थांबत थांबत सगळ्या गाड्या गावाभोवती फिरून वाजंत्र्यांच्या पाठीशी आलेल्या. आळी गाडीपुरतीच रुंद. पुढंही सरकता येईना, मागंही.

"दोन गाड्या रानात काढतो, शेठ," गाडीवान हौशीराम म्हणाला.

"खबरदार! निघालेली वरात मोडायची नसते."

सूर्य टेकला. आळीच्या तोंडाशी राहणारी साळुबाई दारात उभी राहून घोड्यावरच्या नथमलला म्हणाली, "नवरदेव, लगीन करायचं, का तितंच म्हातारं व्हायचं? आमच्या गोठ्यातनं वाट हाय, थेट तुमच्या सासऱ्याच्या परसात. शेनाचं तेवडं बगा."

नथमलनं बापाकडं पाहिलं.

"कलकत्त्यात..." झुंबरलालनं सुरुवात केली. नथमल घोड्यावरून उतरला.

चंदाबाईनं परसदारी गोवऱ्यांच्या ढिगाशेजारी घाईनं तोरण बांधलं. रानातली गुरं त्याच वाटेनं घरी येत होती. गोरज साधली. झुंबरलाल मात्र वरातीपाशीच राहिला. मोठ्या माणसानं गोठ्यातून जायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी तो बाजारात सांगत होता, "वरात एवढी लांब, की मला माझ्याच मुलाचं लग्न गाठता आलं नाही. कलकत्त्यात तरी असं कधी झालंय?"

झालं नसावं.