हळदीच्या पाण्यातलं भय

गुरुवार उजाडला की जूचंद्रच्या मिठागरांकडे जाणाऱ्या बांधावर रांग लागे. रांगेत बहुतेक म्हातारी माणसं. कुणाला झोप नाही, कुणाची छाती धडधडते, कुणाला उगाचच वाटतं की आता काहीतरी वाईट होणार. डॉक्टर नुसती नाडी बघतो, दर्यानाथबाबा थेट आतलं भय बघतात, अशी ख्याती आसपासच्या गावांत पसरली होती.

बघायची रीत सोपी. चिंचेखालच्या मांडवात पानं, सुपारी आणि चुन्याची वाटी मांडलेली. आलेल्यानं आपल्या हातानं विडा लावून दर्यादेवाला ठेवायचा, मग बाबांपुढच्या परातीत, हळदीच्या दाट पाण्यात बोटं बुडवायची. पिवळी निघाली तर माणूस मोकळा. लाल निघाली तर भय रक्तात उतरलं.

सत्यवतीची बोटं याही गुरुवारी लालभडक निघाली. रांगेतल्या बाया दोन पावलं मागे सरल्या.

"रक्त खोटं बोलत नाही, माई," बाबा डोळे मिटून म्हणाले. "जयराम गेला, पण आपलं भय तुझ्या हातात ठेवून गेला. हे हात ज्याला लागतील त्याच्यात ते उतरेल. नातवाला शिवू नकोस. डॉक्टरच्या गोळ्या खाडीत टाक. गोळी भय झाकते, काढत नाही. अमावास्येला घर सोड आणि मठात सेवेला ये."

मठ कुठे आहे ते कुणी विचारलं नव्हतं. तिथे रांधायला आणि धुणी धुवायला बाई मिळत नाही, एवढं मात्र चेल्यांच्या कुरकुरीतून कळत असे.

सत्यवतीनं गोळ्या खरोखरच खाडीत टाकल्या. नवरा जयराम मिठागरावर काम करताकरता कोसळला, तेव्हापासून तिची झोप उडाली होती. त्यात मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तिथे कामाला असलेला तिचा मुलगा धर्मा घरी बसला. गोळ्या बंद झाल्यावर धडधड दुप्पट झाली, आणि बाबांचं म्हणणं तिला आणखीच खरं वाटू लागलं.

अमावास्या जवळ आली. सून विहिरीवर गेलेली, पाळण्यात पोर रडून लाल झालेलं, आणि सत्यवती हात पदराखाली दाबून भिंतीला टेकलेली. शिक्षिका रोझलिनबाई शाळा सुटल्यावर दारावरून चालल्या होत्या. धर्माला त्यांनीच शिकवलेलं. त्या आत आल्या आणि पोराला त्यांनी उचललं.

"पोर एवढं रडतंय, आणि तुम्ही बघत बसलात?"

"मना शिवाचं नाय, बाई. माझे हातात भय हाय." सत्यवतीला रडू फुटलं. जिवात जीव होता तो या नातवापायी, आणि त्यालाच सोडून जायचं होतं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "विडा कोण लावतं?"

"मीच. सगलेच आपापला लावतान."

"आणि ज्यांची बोटं पिवळी निघतात, ते?"

सत्यवती थांबली. "धोंडूबाईचा विडा चेल्यानं लावून दिल्ता."

"सत्यवतीबाई, हळदीला चुना लागला की काय होतं, हे मी तुम्हाला सांगायचं? कुंकू कशाचं करतात?"

घरात ठाऊक असलेली गोष्ट मांडवात एकीलाही आठवली नव्हती. सत्यवतीनं हात धुतले, वाटीत हळद कालवली आणि बोटं बुडवली. पिवळी. मग चुना लावून बुडवली. लाल. ती बोटांकडे बघत राहिली, पण चेहरा काही उजळला नाही.

"मग छाती धडधडते ती? ती तं खोटी नाय ना, बाई."

"नाही. ती खरी आहे. नवरा गेला, पोराचं काम गेलं, वय झालं. मनाला लागलेला घोर अंगात उतरतो. तो आजार आहे, त्याला लाज कसली? उद्या माझ्याबरोबर डॉक्टरकडे चला. आणि कुणाशी तरी बोलत जा. एकटीनं गिळून गिळून तो वाढतो."

पुढच्या गुरुवारी रोझलिनबाईंना बरोबर घेऊन आलेल्या सत्यवतीनं मांडवात नेहमीप्रमाणे विडा लावला. परातीपाशी आल्यावर मात्र तिनं बाबांचा हात धरला, आपली चुन्याची बोटं त्यावर पुसली आणि तो हळदीत बुडवला. बाबांचा पंजा लाल झाला.

"बाबा, तुमचे हातात कोनाचं भय उतरलं?"

बाबा गडबडले, पण जीभ शाबूत होती. "बघा, हिनं शिवताच हिचं भय माझ्यात आलं!"

"मग धुतल्यावर ते कुठं जातं ते बघू," म्हणत रोझलिनबाईंनी तांब्याभर पाण्यानं बाबांचाच पंजा चोळून धुतला. सत्यवतीनं तो पुन्हा परातीत बुडवला. पिवळा निघाला.

"आजी-आजोबांनो, चुना धुऊन मग बोटं बुडवा," बाई रांगेकडे वळून म्हणाल्या. "तुमची भीती खरी आहे, यांचा उपाय खोटा आहे. भीती वाटली तर घरच्यांना सांगा, डॉक्टरला दाखवा. जो नातवाला आजीपासून तोडतो, तो बरं करत नाही. प्रश्न विचारल्याशिवाय कुणाचंही ऐकू नका."

काहीजण परातीपाशी आले आणि हात धुऊन बघू लागले. काहीजणांनी तरीही जाताना बाबांना नमस्कार केला. ते बघून बाईंना वाईट वाटलं.

सत्यवती घरी आली आणि तिनं नातवाला छातीशी घेतलं. धडधड चालूच होती. तिला भीती वाटली, पण तिनं पोराला खाली ठेवलं नाही. "मना आज बरा नाय वाटत, धर्मा," ती म्हणाली. "जरा माझेजवल बस."