थुंकणारा दगड

"थुंकला! दगड थुंकला!"

आंब्याखालची माणसं एकदम मागे सरली. मांत्रिक म्वारिंगाने न्येवू म्हातारीच्या चुलीतला पांढरा दगड खरवडून त्यावर लिंबू पिळलं होतं. भुकटीवर फेस आला होता. त्याआधी घराघरातून आणलेले चुलीचे काळे दगड गप्प राहिले होते.

"चूल म्हणजे बाईची जीभ," म्वारिंगा गळ्यातल्या कवड्या खुळखुळवत म्हणाला. "जीभ बोलली! नातू हिनेच खाल्ला."

न्येवूचा मुलगा काहिंदी कोयता घेऊन उभा होता. त्याच्या पोराच्या थडग्यावरची माती अजून ओली होती. आईची झोपडी त्याने सकाळीच पेटवून दिली होती.

(इथे समुद्र होता. उथळ, कोमट. माणूस नव्हता, म्हणून चेटकीणही नव्हती.)

चेटकिणीची बाजू घेणारी पुढची चेटकीण ठरते, हे शाळेतल्या मास्तरीण दामाला ठाऊक होतं. तरी ती पुढे झाली.

"बाबा, म्हातारीने चुलीचे दगड माहेरून आणलेत. पांढऱ्या टेकडीवरून. गावात दुसऱ्या कुणाकडे तसे आहेत का?"

"मास्तरीणबाई, तुम्ही पाढे शिकवा!"

"शिकवते. आधी तुमची एक कवडी द्या."

"पूर्वजांची आहे ती!"

"मग भिता कशाला? पूर्वज थोडेच थुंकणार आहेत?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. काहिंदी हसला नाही. त्याने कोयत्याच्या टोकाने माळ ओढून तोडली. मालिंदीच्या किनाऱ्यावरची एक कवडी दामाने काळ्या दगडावर ठेचली आणि तेच लिंबू पिळलं.

फेस.

(शंख-शिंपले मरून तळाशी पडले. थरावर थर. दाबले गेले, दगड झाले. समुद्र हटला, टेकडी उरली.)

"हिचा दगड म्हणजे जुने शिंपलेच," दामा म्हणाली. "कवडीही तशीच, चुन्याची. आंबट पडलं की दोन्हींतून वायू सुटतो. काळ्या दगडात चुना नाही. या मांत्रिकाला ते ठाऊक होतं, म्हणून हिची पाळी शेवटी. काहिंदी, पोराला काय झालं होतं?"

"ताप."

"दवाखान्यात नेलंस?"

"हाच म्हणाला... नको."

सगळे वळले. म्वारिंगाची जागा रिकामी होती.

काहिंदीच्या हातून कोयता गळाला. "आई, घरी चल."

न्येवूने आपला खरवडलेला दगड कापडाच्या टोकाने पुसला.

"कुठल्या?"

झोपडीच्या राखेतून अजून धूर निघत होता.

लिंबू कुणालाही पिळता येतं. चमत्कार दिसला तर आधी तेवढं स्वतः करून पाहा. काडी ओढायची घाई करू नका.